रिक्त शालेय इमारतींचे ज्येष्ठ निवासात रूपांतर

रिक्त शालेय इमारतींचे ज्येष्ठ निवासात रूपांतर म्हणजे बंद पडलेल्या शाळेच्या वास्तूत आवश्यक बदल करून ती अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांना परवडणाऱ्या दरात राहण्यासाठी उपलब्ध करून देणे होय.

== अन्य देशांतील अनुभव ==
घटत्या जन्मदरामुळे जपानमध्ये मोठ्या संख्येने शाळा बंद झाल्या. तेथील शिक्षण मंत्रालयाने २०१० मध्ये अशा वास्तूंच्या पुनर्वापरासाठी विशेष प्रकल्प सुरू केला. काही शाळांत वृद्धांसाठी सेवाकेंद्रे उभी राहिली. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी १९८६ पासून मिळणाऱ्या करसवलतीच्या आधारे अनेक जुन्या शाळांची ज्येष्ठांसाठी घरे झाली.

== महाराष्ट्रातील स्थिती ==
राज्य शासनाने २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील विद्यार्थ्यांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना पुढे आली. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित असल्याने या धोरणांना शिक्षक संघटना व पालकांनी विरोध केला.

ज्येष्ठांसाठी राज्यात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे. २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे.

== इमारतीची योग्यता ==
बैठी रचना, व्हरांडा, पटांगण आणि वस्तीशी जवळीक या शाळेच्या जमेच्या बाजू आहेत. मात्र उतरते मार्ग, आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी, रुंद दरवाजे, खोलीलगत स्वच्छतागृह व स्वयंपाकघर नव्याने करावे लागते. जुन्या छताची व भिंतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक ठरते. दोन खोल्यांच्या शाळेत कायद्याला अपेक्षित मोठा वृद्धाश्रम सामावत नाही. तेथे मोजक्या व्यक्तींचा निवास किंवा दिवसभराचे विरंगुळा केंद्र अधिक व्यवहार्य असते. मोठ्या निवासासाठी माध्यमिक विद्यालय किंवा वसतिगृहाची वास्तू सोयीची ठरते.

== शहापूर व मुरबाड तालुके ==
ठाणे जिल्ह्याच्या या ग्रामीण भागात वस्ती विखुरलेल्या पाड्यांत आहे. कामासाठी तरुण कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात आणि वृद्ध अनेकदा मागे राहतात. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूरजवळचे स्थानक असल्याने तेथील निवासातून मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांत जाणे तुलनेने सोपे आहे. मुरबाड तालुका प्रामुख्याने रस्ते वाहतुकीवर अवलंबून आहे. भातसा, तानसा व वैतरणा धरणांतून मुंबईला पाणी जात असले, तरी शहापूरच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर विसंबावे लागते. त्यामुळे निवासासाठी जागा निवडताना पाण्याची बारमाही सोय हा निर्णायक निकष ठरतो.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी साठीपुढील स्त्रियांसाठी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. हे इमारतीच्या रूपांतराचे उदाहरण नसले, तरी वृद्धांना निवाऱ्याइतकीच सोबत व व्यवधान यांची गरज असते, हे त्यातून दिसते.

== आक्षेप व अटी ==
रूपांतराच्या सोयीसाठी चालू शाळा बंद केली जाईल, हा मुख्य आक्षेप आहे. म्हणून मुलांची पर्यायी व्यवस्था प्रत्यक्षात झाल्यानंतरच इमारत रिक्त मानावी, असे मत मांडले जाते. शाळेची जमीन दानात मिळालेली असल्यास दानपत्रातील अटी तपासाव्या लागतात. जिल्हा परिषदेची मालकी असल्यास तिची मंजुरी आणि ग्रामसभेचे मतही महत्त्वाचे असते. निवास परवडणारा राहण्यासाठी बांधकामाच्या एकवेळच्या खर्चापेक्षा परिचारिका, भोजन व देखभाल यांचा नियमित खर्च कोण करणार, हे आधी निश्चित होणे आवश्यक आहे.