घंटा आणि अक्षर

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यालगत, दूरवाणीनगर नावाची वसाहत आहे. दूरवाणी हा टेलिफोनसाठी कानडी शब्द. मराठी माणसालाही तो उलगडून सांगावा लागत नाही. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला, आणि पुढे कित्येक दशके देशातील कचेऱ्यांत व मोजक्या घरांत दिसणारी काळी, जड यंत्रे येथून गेली. त्याच शहरातील तरुण मंडळी आज वाजणाऱ्या घंटेकडे नुसते पाहतात आणि ती थांबली की दोन ओळी लिहून विचारतात, ‘काय काम होते?’ वडीलधाऱ्यांना यात तुटकपणा दिसतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

लिहून कळवणे हीच आपली जुनी रीत. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये टेलिफोनची एक्स्चेंजे सुरू झाली, तरी पुढची शंभर वर्षे घरोघरचा व्यवहार पोस्टकार्डावरच चालला. टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे लागत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल: आधी नोंदणी, मग तासन्‌तास प्रतीक्षा आणि शेवटी तीन मिनिटांचे बोलणे, तेही शेजारीपाजारी ऐकत असताना ओरडून. अशा यंत्रापाशी मन मोकळे करण्याची सवय लागणार तरी कशी? घंटा वाजली की घरात प्रथम धास्तीच वाटे. (तारेचीही तीच ख्याती होती, हे खरे; पण तार निदान ओरडत नसे.)

१९९५ मध्ये मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते थांबायला २००३ साल उजाडले. मधल्या काळात लोकांनी ‘मिस्ड कॉल’ची युक्ती काढली. एकदा घंटा वाजवून बंद केली, की समजावे ‘पोहोचलो’. शिवाय १६० अक्षरांचा संदेश होताच. पोस्टकार्डाच्या कडेकडेने लिहिणाऱ्यांच्या नातवंडांना ही काटकसर शिकवावी लागली नाही. देवनागरीला मात्र ७० अक्षरांचीच मुभा असे. मराठी मजकूर रोमन लिपीत गेला, त्याचे हेही एक कारण.

आज बोलणे जवळजवळ फुकट आहे, तरी लोक लिहितातच. घंटा त्याच क्षणी हजेरी मागते. बंगळुरातील कचेरीत ओळीने बसलेल्यांपैकी कुणी सांगलीच्या घरचा कॉल घेतला, तर त्याचे घरगुती बोलणे दहा जणांच्या कानी पडते. न घ्यावा तर मनाला लागते. लिहिलेले थांबून राहते. शब्द तोलता येतात, खोडता येतात. नकार आणि उसनवारी यांसारखे विषय कागदाआडच बरे, हे जुन्या पत्रलेखकांनाही ठाऊक होते. हानी होते ती आवाजाची. आईला मुलाचा खोकला अक्षरांतून ऐकू येत नाही.

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर बोललेला निरोप मुद्रित करून धाडण्याची सोय आली, आणि ती घरोघरी रुजली. लोकांचा कंटाळा घंटेचा होता, आवाजाचा नव्हे, असे त्यावरून दिसते. सांगलीची आई आता सवडीने बोलून ठेवते. मुलगा रात्री घरी परतताना ते ऐकतो आणि उत्तर धाडतो, खोकल्यासकट.