लगाम दुसऱ्याच्या हाती

आमच्या कडेगावाकडे शर्यत म्हणजे बैलगाड्यांची. तिथं नाव होतं ते बैलांचं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकीचंही होतं, आणि त्यातलं मोठं नाव पेसी श्रॉफ. (इंग्लंडसारख्या अडथळ्यांवरून उड्या नाहीत हं, सपाट मैदानावरची शर्यत.) तब्बल १७५१ शर्यती जिंकून २००४ मध्ये ते खोगिरावरून उतरले आणि ट्रेनर झाले. प्रमोशनच की, असं तुम्ही म्हणाल. मला नाही पटत. इंडियन डर्बी २४०० मीटरची, साधारण अडीच मिनिटांत खलास! त्यासाठी ट्रेनरनं कित्येक महिने पहाटेची रपेट, चारा, पाय सगळं सांभाळायचं. गेट उघडलं की लगाम दुसऱ्याच्या हाती. आपला कोड ज्युनियरला देऊन रिलीजच्या रात्री गप्प बसून बघा. तरीही श्रॉफ पुढे मुंबईचे चॅम्पियन ट्रेनर झाले, तेही एकदा नव्हे.