फुर्का पर्वतीय वाफेची रेल्वे

फुर्का पर्वतीय वाफेची रेल्वे : स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील वारसा रेल्वेमार्ग. उरी कँटनमधील रेआल्प आणि व्हॅले कँटनमधील ओबरवाल्ड ही गावे तो फुर्का खिंडीच्या वाटेने जोडतो. लांबी १७.८ किमी.; मीटरगेज; तीव्र चढणींवर आब्ट पद्धतीचा दातेरी रूळ. सर्वांत उंच स्थानक फुर्का, सुमारे २,१६० मी. उंचीवर. १९८१ मध्ये नियमित वाहतूक थांबल्यावर हा मार्ग उखडला जाणार होता. स्वयंसेवकांनी तो वाचवला, टप्प्याटप्प्याने दुरुस्त केला आणि २०१० मध्ये पूर्ण लांबीवर पुन्हा खुला केला. चालवणाऱ्या कंपनीचे नाव डांफबान फुर्का-बेर्गश्ट्रेके. दर हिवाळ्यात हिम या मार्गाचा ताबा घेते आणि दर उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसे तो पुन्हा मोकळा करतात. येथील जतनकार्य कधीच पुरे होत नाही, आणि या रेल्वेचे मोठेपण त्यातच आहे.

भूप्रदेश : फुर्का खिंड हा युरोपातील एक महत्त्वाचा जलविभाजक आहे. पूर्वेकडचे पाणी रॉईस नदीतून ऱ्हाईनला मिळून उत्तर समुद्राकडे जाते. पश्चिमेकडचे ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळते. रेआल्प १,५३८ मी. उंचीवर आहे. तेथून गाडी उघड्या, झाडे नसलेल्या दरीतून टीफेनबाखमार्गे फुर्का स्थानकापर्यंत चढते. स्थानकापुढे लगेच १,८७४ मी. लांबीचा माथ्याचा बोगदा लागतो. बोगद्याच्या पलीकडे मुटबाख-बेल्वेदेर स्थानक आहे, तेथून उतार सुरू होऊन गाडी ग्लेच (१,७५७ मी.) येथे येते. ऱ्होन नदीचा उगम असलेली हिमनदी ग्लेचच्या वरच्या अंगाला आहे. एकोणिसाव्या शतकात या हिमनदीचे टोक थेट दरीत उतरलेले असे आणि ते पाहायला येणाऱ्या प्रवाशांसाठी ग्लेचला मोठे हॉटेल उभे राहिले. आता हिमनदी बरीच वर सरकली आहे. ग्लेचनंतर डोंगराच्या पोटात वळसा घेणाऱ्या बोगद्यातून मार्ग झपाट्याने खाली उतरतो आणि ओबरवाल्डला (१,३६६ मी.) संपतो.

उभारणी : ब्रिग ते डिसेंटिस असा आल्प्स आडवा कापणारा मार्ग बांधण्यासाठी फ्रेंच भांडवलाच्या बळावर एक कंपनी स्थापन झाली आणि १९११ मध्ये काम सुरू झाले. १९१४ मध्ये ब्रिग ते ग्लेच हा पश्चिमेकडचा भाग खुला झाला. पुढच्या बोगद्यातील ठिसूळ खडक आणि त्याच सुमारास पेटलेले पहिले महायुद्ध यांमुळे काम रखडले. १९२३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. अर्धवट बोगदे आणि पूल काही वर्षे तसेच पडून होते. १९२५ मध्ये फुर्का-ओबराल्प ही नवी कंपनी स्थापन होऊन उरलेले काम मार्गी लागले आणि १९२६ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. १९३० पासून झेरमाट आणि सेंट मॉरिट्झ यांच्या दरम्यान धावू लागलेली ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ याच वाटेने जाई. ज्या हिमनदीमुळे गाडीला हे नाव मिळाले, ती खिडकीतून दिसत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मार्गाचे विद्युतीकरण झाले.

हिमाचा धोका मात्र टळला नाही. फुर्कावरचा हा टापू हिवाळाभर बंदच राही. हिमलोट सगळे ओरबाडून नेतात म्हणून विजेच्या तारा दर शरद ऋतूत उतरवून ठेवाव्या लागत आणि उन्हाळ्यापूर्वी पुन्हा ओढाव्या लागत. बाराही महिने वाहतूक सुरू राहावी यासाठी डोंगराच्या पायथ्याशी १५.४ किमी. लांबीचा नवा बोगदा खोदण्यात आला. माथ्यावरून शेवटची नियमित गाडी ११ ऑक्टोबर १९८१ रोजी गेली. जून १९८२ मध्ये पायथ्याचा बोगदा खुला झाला आणि जुन्या मार्गाचे प्रयोजन संपले.

स्वयंसेवकांची चळवळ : रूळ उखडण्याचा विचार पुढे येताच रेल्वेप्रेमी एकत्र आले. १९८३ मध्ये त्यांनी ‘फेराइन फुर्का-बेर्गश्ट्रेके’ ही संस्था स्थापन केली. १९८५ मध्ये मार्ग ताब्यात घेऊन चालवण्यासाठी भागभांडवली कंपनी निघाली. संस्थेच्या शाखा स्वित्झर्लंडबाहेर जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही निघाल्या. सभासदांनी पैसा उभा केला, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्या सुट्या दिल्या. आठवडाभरासाठी डोंगरात यायचे, मुक्कामी राहायचे आणि सांगितले ते काम करायचे, अशी पद्धत रूढ झाली. सडलेले स्लीपर बदलणे, खडी भरणे, पाण्याचे चर उपसणे, आधारभिंतींचे निखळलेले दगड बसवणे, बोगद्याच्या अस्तराची डागडुजी करणे ही कामे शिक्षक, कारकून, अभियंते आणि सुतार खांद्याला खांदा लावून करू लागले.

मार्ग चार टप्प्यांत खुला झाला : रेआल्प–टीफेनबाख १९९२ मध्ये, टीफेनबाख–फुर्का १९९३ मध्ये, फुर्का–ग्लेच २००० मध्ये आणि ग्लेच–ओबरवाल्ड ऑगस्ट २०१० मध्ये. शेवटच्या नियमित गाडीपासून पूर्ण मार्ग पुन्हा सुरू होईपर्यंत जवळजवळ एकोणतीस वर्षे गेली. आरंभी कुदळ हाती घेतलेल्या कित्येकांचे केस तोवर पांढरे झाले होते. पण चळवळ एका पिढीवर थांबली नव्हती, म्हणूनच काम तडीस गेले.

इंजिनांचा परतीचा प्रवास : या मार्गासाठी विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात १९१३–१४ मध्ये एचजी ३/४ प्रकारची दहा इंजिने बांधली गेली होती. विद्युतीकरणानंतर त्यांतील क्रमांक १, २, ८ आणि ९ ही चार इंजिने १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली. तेथे ती किनाऱ्याजवळच्या थाप चाम येथून दा लात या थंड हवेच्या ठिकाणी चढणाऱ्या दातेरी रेल्वेवर धावली. युद्धात ती रेल्वे बंद पडली आणि इंजिने दा लात येथे गंजत पडली. फुर्काच्या कार्यकर्त्यांनी त्यांचा माग काढला. १९९० मध्ये घाटरस्त्याने ट्रेलरवरून ती खाली बंदरात आणली आणि जहाजाने युरोपात पोहोचवली. त्यांच्यासोबत व्हिएतनामच्या त्याच मार्गावरची अधिक ताकदीची एचजी ४/४ प्रकारची इंजिनेही आली. क्रमांक १ आणि ९ यांची जर्मनीतील माइनिंगेन येथील वाफ-इंजिन कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली. त्यांना ‘फुर्काहोर्न’ आणि ‘ग्लेचहोर्न’ अशी नावे देण्यात आली. पुढे एचजी ४/४ इंजिनाच्या पुनर्बांधणीचे अवघड काम स्वयंसेवकांनी स्वतःच्या कार्यशाळेत पूर्ण केले.

तांत्रिक रचना : मार्गाची सर्वाधिक चढण दर हजारी ११८, म्हणजे साडेआठ मीटर अंतरात सुमारे एक मीटर, इतकी आहे. नुसत्या चाकांच्या घर्षणावर एवढी चढण झेपत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाखालची दंतचक्रे त्यांत अडकतात. आब्ट पद्धतीत दातेरी पट्ट्या शेजारी शेजारी बसवतात आणि त्यांचे दात एकमेकांशी जुळू न देता मागेपुढे ठेवतात. त्यामुळे कोणता ना कोणता दात नेहमी धरून असतो. एचजी ३/४ इंजिनाला चार सिलिंडर आहेत. सपाटीवर दोनच सिलिंडर चाके फिरवतात. दातेरी भागात तीच वाफ पुढे दुसऱ्या जोडीत जाऊन दंतचक्रे चालवते. अशा भागात शिरताना वेग अगदी कमी करावा लागतो. दात नेमके जुळणे हे चालकाच्या कानावर आणि हातावर अवलंबून असते.

भारतातील निलगिरी पर्वतीय रेल्वेशी या मार्गाचे थेट नाते आहे. ती रेल्वेही मीटरगेज असून तेथेही आब्ट पद्धतच वापरली आहे, आणि तिची ‘एक्स’ वर्गातील मूळ इंजिने विंटरथूरच्या त्याच कारखान्यात बनलेली आहेत.

श्टेफेनबाखचा पूल : मार्गावरील सर्वांत विलक्षण बांधकाम रेआल्प आणि टीफेनबाख यांच्या दरम्यान आहे. श्टेफेनबाख ओढ्याच्या घळीतून हिवाळ्यात हिमलोट कोसळतात आणि येथील पहिला पूल असाच वाहून गेला. १९२५ मध्ये त्याच्या जागी ३६ मी. लांबीचा, घडी करता येणारा पोलादी पूल बसवला गेला. त्याचे तीन भाग आहेत. हंगाम संपला की कामगारांची टोळी कप्प्या आणि विंच लावून हे भाग सोडवते आणि घळीच्या दोन्ही काठांना टेकवून ठेवते. हिवाळाभर हिमलोटाला मधून वाट मोकळी राहते. उन्हाळ्यापूर्वी पूल पुन्हा जोडला जातो, खिळा न् खिळा तपासला जातो आणि मगच त्यावरून इंजिन सोडतात. हे काम आजही दरवर्षी होते आणि ते आता स्वयंसेवकांच्या हाती आहे. निसर्गाशी न झुंजता त्याला वाट करून देण्याची ही युक्ती शंभर वर्षे टिकली आहे.

कार्यपद्धती : प्रवासी गाड्या जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत धावतात. त्याआधी काही आठवडे रुळांवरचे हिम काढणे चालते. वरच्या भागात ते कित्येक मीटर साचलेले असते. चालक, फायरमन, गार्ड, तिकीट तपासनीस, उपाहारगृहातील वाढपी, रुळांची देखभाल करणारे असे बहुतेक सारे लोक विनावेतन काम करतात. हौस म्हणून आले तरी प्रशिक्षण आणि परीक्षा टळत नाहीत. सुरक्षिततेचे नियम इतर रेल्वेइतकेच कडक आहेत. फायरमनच्या दिवसाची सुरुवात पहाटे, गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी होते. कोळसा पेटवून बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. घाई केली तर धातूवर ताण येतो. हिवाळ्यात डोंगरावर जाता येत नाही, पण काम थांबत नाही. आराऊ येथे जुने डबे आणि उत्स्विल येथे इंजिने दुरुस्त होतात. रेआल्प आणि ओबरवाल्ड येथे हा मार्ग माटरहोर्न-गोटहार्ड रेल्वेला भेटतो, त्यामुळे देशाच्या कोणत्याही भागातून प्रवासी येथे गाडीने पोहोचू शकतात.

महत्त्व : वाफेची इंजिने अनेक संग्रहालयांत पाहायला मिळतात. ती पेटवण्याचे, चढणीवर चालवण्याचे आणि मोडली तर घडवण्याचे ज्ञान मात्र हातांतून हातांत गेले तरच टिकते. गंजलेल्या बॉयलरची कोणती प्लेट वाचेल, कोणती बदलावी लागेल, हे जुना कारागीर नव्याला उभे राहून दाखवतो. फुर्का मार्गाने रूळ, पूल आणि बोगद्यांबरोबर हे ज्ञानही जिवंत ठेवले आहे. वारसा सांभाळण्यासाठी सरकारी निधी आणि मालकी हक्क लागतात. पण त्याहून अधिक लागतात वर्षानुवर्षे परत येणारी माणसे. ज्या मार्गाची कोणालाच गरज उरली नव्हती, तो अशा माणसांच्या श्रमांवर चालू आहे.