जेव्हा माणूस जागा होतो

गोदावरी परुळेकर (1907–1996) यांचे वारली उठावावरील आत्मकथनपर पुस्तक. मौज प्रकाशनाने ते 1970 साली काढले; 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ही कादंबरी नव्हे, तरी इंग्रजी अमलाखालचे आदिवासी जीवन मराठीत इतक्या जवळून क्वचितच कोणी लिहिले असेल.

घटना जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या. जूचंद्र, डहाणू, तलासरी आज ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, तो 2014 साली त्यातून वेगळा झाला. वसईकडची खाडीकाठची गावे आणि उत्तरेकडचे वारली पाडे एकाच कलेक्टरच्या हाताखाली होते, पण पाड्यांवर खरा अंमल चाले तो जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदारांचा. कायदा त्यांच्या पाठीशी असे. पावसाळ्यात पोटाला खावटी, म्हणजे उसने धान्य, घ्यावी, तर ती फेडता फेडता पुढचा हंगाम उजाडे. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होई आणि नवरा-बायको दोघेही मालकाच्या दारी राबत. आपले शेत पडीक ठेवून आधी मालकाच्या शेतावर फुकट राबायचे, ही वेठ.

लेखिका पुण्यातल्या गोखल्यांच्या घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. पती शामराव यांच्यासह त्या किसान सभेच्या कामाला लागल्या. सभेच्या जानेवारी 1945 च्या टिटवाळा अधिवेशनाला माह्या धांगडा आणि आणखी काही वारली आले होते. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली मजुरीला जायचे नाही, असे तिथे ठरले.

10 ऑक्टोबर 1945. गोदावरींच्या, म्हणजे गोदूताईंच्या, नावाने खोटा निरोप फिरला आणि तलवाड्याला मोठा जमाव जमला. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. लोक मात्र हलेनात, कारण बाईंना धोका आहे अशी त्यांची समजूत होती. पुढच्या वर्षी काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तरी परुळेकरांवर हद्दपारीचे हुकूम निघालेच. राज्यकर्ते बदलले म्हणून जमीनदाराची वट कमी झाली नव्हती.

पुस्तकाची सगळ्यात जिवंत पाने या धामधुमीची नाहीत, पाड्यावरच्या मुक्कामांची आहेत. शहरी, सुशिक्षित बाई तिथे आधी ऐकायला शिकते, मग बोलते. निवेदन मात्र शेवटपर्यंत तिचेच, प्रमाण मराठीतले. वारली माणूस भेटतो तो तिच्या नजरेतून. 1975 साली पुस्तकाचा इंग्रजी अवतार निघाला. तुरुंगवासावर त्यांनी पुढे ‘बंदिवासाची आठ वर्षे’ लिहिले.