ओरापर्लपासून डीबीआयपर्यंत

1990 च्या आसपास युनिक्स यंत्रावर पर्ल भाषेतून ओरॅकलचा डेटाबेस वाचायचा, तर नुसता पर्ल पुरत नसे. त्यासाठी ‘ओरापर्ल’ लागे. सायबेससाठी ‘सिबपर्ल’, इंग्रेससाठी ‘इंगपर्ल’, इंटरबेससाठी ‘इंटरपर्ल’. चालू प्रोग्रॅमला बाहेरची लायब्ररी आयत्या वेळी जोडण्याची सोय पर्ल 4 मध्ये नव्हती. त्यामुळे ओरॅकलची लायब्ररी पर्लच्या गाभ्याशी लिंक करून अख्खा पर्लच नव्याने बांधावा लागे. लॉग-इनच्या फंक्शनचे नावही जागोजागी निराळे: ओरापर्लमध्ये ‘ओरा_लॉगिन’, तर सिबपर्लमध्ये ‘डीबीलॉगिन’. डेटाबेस बदलला की प्रोग्रॅमच्या ओळीन् ओळी बदलायच्या.

वास्तविक एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा तोवर प्रमाणित झाली होती. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले, चेंबरलिन आणि बॉइस या आयबीएमच्या दोघांनी 1974 मध्ये त्यावर एसक्यूएलचा पाया घातला आणि 1986 मध्ये ‘अन्सी’ या अमेरिकी प्रमाण-संस्थेने तिचे प्रमाण ठरवले. परंतु क्वेरी डेटाबेसकडे सोपवायची कशी, आलेल्या ओळी एकेक करून उचलायच्या कशा, चूक झाली तर ती कळणार कशी, हे ज्याचे त्याने ठरवलेले होते. ओरॅकलची ओसीआय वेगळी, सायबेसची डीबी-लायब्ररी वेगळी. सी भाषेत एसक्यूएल गुंफण्याची रीत होती, पण तिथेही विक्रेत्याचा प्रीकंपायलर लागे, आणि डेटाबेस बदलला की प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागे.

हा पेच 1992 मध्ये दोन ठिकाणी हाती घेतला गेला.

त्या वर्षी मायक्रोसॉफ्टची ओडीबीसी 1.0 आली. डेटाबेस कंपन्यांच्या ‘एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप’ या गटात चाललेल्या कामाशी तिचे नाते होते. रचना सुबक होती: प्रोग्रॅम एका ड्रायव्हर मॅनेजरशी बोलणार आणि प्रोग्रॅम चालू असतानाच मॅनेजर त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर उचलणार. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायची गरज उरली नाही. सगळे डेटाबेस सारखे नाहीत, हे ओडीबीसीने गृहीतच धरले होते. म्हणून ‘तुला काय काय जमते?’ असे ड्रायव्हरलाच विचारणारे फंक्शन तिने दिले. तारखा आणि फंक्शन्स लिहिण्याची एक तटस्थ खूणही ठरवली. ड्रायव्हरने ती आपापल्या बोलीत उतरवायची. या धर्तीच्या इंटरफेसला 1995 मध्ये आयएसओ प्रमाणात जागा मिळाली.

त्याच सुमारास इंटरपर्लचे कर्ते बझ मॉशेटी, ओरापर्लचे केव्हिन स्टॉक आणि त्यांचे सहकारी पर्लसाठी एकच इंटरफेस असावा यावर विचार करू लागले. त्याचा आराखडा पर्ल 4 डोळ्यांपुढे ठेवून तयार होत होता. तेवढ्यात पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी भाषाच नव्याने घडवली. 1994 मध्ये पर्ल 5 आला. त्यात ऑब्जेक्ट्स होते आणि मॉड्यूल आयत्या वेळी जोडण्याची सोयही होती. त्या सहकाऱ्यांपैकी टिम बन्स यांनी सूत्रे हाती घेतली आणि तो सामाईक इंटरफेस, म्हणजे डीबीआय, आकाराला आली.

डीबीआयचे दोन थर. वर सगळ्यांसाठी एकच डीबीआय, खाली प्रत्येक डेटाबेससाठी डीबीडी नावाचा ड्रायव्हर. ‘कनेक्ट’, ‘प्रिपेअर’, ‘एक्झिक्यूट’, ‘फेच’ या चार क्रियापदांवर बहुतेक काम भागते.

टिम बन्स यांचा खरा मोठेपणा त्यांनी जे टाळले त्यात दिसतो. डीबीआय एसक्यूएलच्या मजकुरात ढवळाढवळ करत नाही. पहिल्या दहाच ओळी हव्या असतील, तर मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’ आणि जुन्या ओरॅकलमध्ये ‘रोनम’ लिहावे लागे. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला ‘नल’ समजते, इतर बहुतेक समजत नाहीत. हे भेद झाकायचा प्रयत्न डीबीआयने केला नाही. उलट प्रत्येक डेटाबेसच्या खास गुणांसाठी तिने उघड जागा ठेवली: सगळ्यांना लागू असलेल्या गुणधर्मांच्या नावांत मोठी अक्षरे, ड्रायव्हरच्या स्वतःच्या गुणधर्मांची नावे सगळी लहान अक्षरांत. नाव वाचताच कळते की ही ओळ दुसऱ्या डेटाबेसवर चालेलच असे नाही.

एका जागी मात्र ड्रायव्हरांनी पडद्याआड भाषांतर केले. मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहायचे आणि मूल्य वेगळे पाठवायचे; ओरॅकलचा किंवा पोस्टग्रेसचा ड्रायव्हर त्या चिन्हाला आपल्या डेटाबेसचे रूप देतो. वापरकर्त्याने टाकलेला मजकूर क्वेरीत न मिसळता वेगळा जात असल्याने एसक्यूएल इंजेक्शनपासून संरक्षणही मिळते. जुन्या लोकांनाही वाऱ्यावर सोडले नाही. ओरॅकलच्या ड्रायव्हरसोबत ओरापर्लची नक्कल करणारे मॉड्यूल येई, त्यामुळे आधी लिहिलेल्या स्क्रिप्ट चालत राहिल्या.

इतर भाषांनीही आपापली वाट काढली. 1997 मध्ये जावाच्या जेडीके 1.1 सोबत जेडीबीसी आली. जावाचे स्वतःचे ड्रायव्हर थोडे असताना ओडीबीसीकडे नेणारा पूल तिच्या कामी आला. 2014 मध्ये जावा 8 ने तो काढून टाकला. पायथनच्या 1999 च्या डीबी-एपीआय 2.0 ने मूल्यांच्या जागा दाखवण्याच्या पाच पद्धती मान्य केल्या आणि आपली कोणती, हे सांगण्याचे काम प्रत्येक मॉड्यूलवर सोपवले. 2005 मध्ये पीएचपी 5.1 सोबत पीडीओ आली. डेटापर्यंत पोहोचण्याची रीत एक होईल, पण एसक्यूएल बदलून दिले जाणार नाही, असे तिच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. टिम बन्स यांनी डीबीआयमध्ये आखलेली मर्यादाही हीच होती.