भौतिकीच्या उदाहरणांची कुळकथा

माध्यमिक शाळेच्या विज्ञान पुस्तकात धड्याखाली जी उदाहरणे सोडवायला दिलेली असतात, त्यांची घडण बहुधा ठरलेली असते. एक प्रसंग, त्यातल्या दोन-तीन राशींच्या किमती, काढायची एक राशी आणि शेवटी एखादी सूट : हवेचा रोध धरू नये, पृष्ठभाग घर्षणरहित मानावा, दोरी वजनरहित समजावी. यांपैकी पहिली तीन अंगे जुन्या अंकगणितातून आली. चौथे अंग बरेच उशिरा आले, आणि गणिताच्या उदाहरणाला भौतिकीचे उदाहरण बनवले ते त्यानेच.

गतीवरची गणिते फार जुनी आहेत. इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’तील गणितपादात दोन गतिमान वस्तूंची भेट केव्हा होईल हे काढण्याची रीत आहे. समोरासमोर येत असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागायचे, एकामागून एक जात असतील तर वजाबाकीने. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) नऊ हात उंच खांबावर मोर बसलेला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. दोघांचा वेग सारखा. तर बिळापासून किती अंतरावर मोर त्याला गाठेल? उत्तर बारा हात. मोर कर्णाने पंधरा हात येतो, सापही पंधराच हात सरकतो. उदाहरण देखणे आहे, पण ते भूमितीचे आहे. मोर सरळ रेषेत, एकाच वेगाने कसा झेपावेल, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

बदलत्या वेगाचा सराव चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात सुरू झाला. विल्यम हेट्सबरी यांनी 1335 साली विद्यार्थ्यांसाठी तर्काच्या कोड्यांची नियमावली लिहिली. आजच्या उदाहरणांत ‘अ’ आणि ‘ब’ धावतात, तसे या कोड्यांत सॉक्रेटिस आणि प्लेटो धावत. एकसारखा वाढत जाणारा वेग असेल तर कापलेले अंतर सरासरी वेगाने कापलेल्या अंतराइतकेच असते, हा निष्कर्ष याच परंपरेतला. नववी-दहावीचा विद्यार्थी आरंभीच्या व अंतिम वेगाची बेरीज करून, तिची निमपट करून काळाने गुणतो, तेव्हा तो हेच वापरत असतो. मर्टनच्या पंडितांनी मात्र कशाचेही मोजमाप केले नाही. पडणारा दगड असाच पडतो, असे त्यांना म्हणायचेही नव्हते.

ते म्हटले गॅलिलिओ यांनी. 1638 साली लायडन येथे छापलेल्या त्यांच्या दोन नव्या विज्ञानांवरील ग्रंथात सिद्धांतांबरोबर सोडवलेले प्रश्नही आहेत. त्यात बीजगणिताचे एकही समीकरण नाही. सगळे गुणोत्तरांत मांडलेले आहे. समान कालखंडांत पडणारी अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात, असे ते सांगतात. वर उल्लेखिलेले चौथे अंग इथे स्पष्टपणे दिसते. उतरण गुळगुळीत आणि कठीण हवी, गोळा पूर्ण वाटोळा हवा, हवेचा अडथळा हिशेबाबाहेर ठेवायला हवा. पण ही सूट गॅलिलिओ बिनशर्त घेत नाहीत. आधी अडथळे बाजूला ठेवून निष्कर्ष काढावा आणि मग तो कोणत्या मर्यादेपर्यंत लागू पडतो हे अनुभवाने ठरवावे, अशी त्यांची भूमिका आहे. या उदाहरणांच्या इतिहासात यापेक्षा मोलाचे काही नाही, आणि पुढे सर्वांत जास्त दुर्लक्षही याच अटीकडे झाले.

न्यूटन यांची बीजगणितावरील व्याख्याने 1707 साली छापली गेली. त्यांत आजही शाळेत भेटणारे एक उदाहरण आहे : विहिरीत दगड टाकला आणि तो तळाशी आपटल्याचा आवाज अमुक वेळाने ऐकू आला, तर विहीर किती खोल? समजा, आवाज 3.13 सेकंदांनी आला. हा सगळा वेळ दगड पडण्यातच गेला असे धरले तर खोली 48 मीटर येते. पण आवाजालाही वर यायला वेळ लागतो. त्याचा वेग सेकंदाला 340 मीटर धरून वर्गसमीकरण सोडवले की खोली 44.1 मीटर निघते. चार मीटरांचा फरक क्षुल्लक नव्हे. काय सोडून द्यायचे आणि काय सोडून चालणार नाही, हे इतक्या थोडक्यात शिकवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

अशा प्रश्नांचा भरघोस कारखाना झाला तो केंब्रिजमध्ये. अठराव्या शतकात तिथले लॅटिनमधील तोंडी वादविवाद मागे पडत गेले आणि लेखी परीक्षा आली. ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत विद्यार्थ्यांची क्रमवारी लागे, आणि ती लावायची तर दरवर्षी नवे, वेळेत सुटणारे प्रश्न हवेत. कप्प्या, उतरणी, टेकवलेल्या शिड्या, सगळे गुळगुळीत आणि वजनरहित, हे या गरजेतून आले. खासगी शिक्षक जुन्या प्रश्नपत्रिकांवर विद्यार्थी घोटून घेत. 1854 साली पहिले आलेले एडवर्ड राउथ यांनी पुढे दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर, म्हणजे या परीक्षेत पहिले येणारे विद्यार्थी, घडवले. त्या वर्षी दुसरे आले होते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे संयुक्तपणे सीनिअर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ ही पदवी महाराष्ट्रात त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

टॉडहंटर यांचे नवशिक्यांसाठीचे यंत्रशास्त्र (1867) आणि त्यानंतर लोनी यांची पुस्तके यांनी हा साचा विद्यापीठाबाहेर शाळा-महाविद्यालयांत पोहोचवला. भारतातही ती पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सोडवली गेली. साचा टिकला, आकडे बदलले. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि गुरुत्व त्वरणाचे 32 फूट जाऊन 9.8 मीटर आले.

परीक्षेच्या साच्यात नुकसान झाले ते एवढेच, पण मोठे : सूट प्रश्नातच छापून येऊ लागली आणि ती योग्य आहे का हे तपासण्याचे काम विद्यार्थ्याकडून गेले. या साच्याबाहेरचा प्रवाह हंगेरीत दिसतो. 1894 साली डॅनिएल अराञ या शिक्षकाने ग्योर शहरात माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मासिक सुरू केले. त्यातले प्रश्न मुलांनी घरी, सवडीने सोडवायचे आणि उत्तरे धाडायची, अशी रीत. आरंभी विषय गणित होता, नंतर भौतिकीचे प्रश्नही आले. सोव्हिएत संघात 1970 साली निघालेले ‘क्वांत’ हे त्याच जातीचे मासिक. भौतिकशास्त्रज्ञ किकोइन आणि गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी त्याची धुरा घेतली.

आंतरराष्ट्रीय भौतिकी ऑलिंपियाड 1967 साली वॉर्सा येथे पाच देशांच्या सहभागाने सुरू झाले. आज त्यात पाच-पाच तासांच्या दोन परीक्षा होतात. 50 पैकी 20 गुण प्रयोगाला असतात, आणि तिथे घर्षण किती, चूक किती, हे विद्यार्थ्यालाच मोजावे लागते. गॅलिलिओंची अट अशा रीतीने उदाहरणात परत आली. भारतीय विद्यार्थी 1998 पासून या स्पर्धेत भाग घेत आहेत. त्यांची निवड व तयारी मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करते, आणि 2015 चे ऑलिंपियाड मुंबईतच भरले होते.