टाडा, पोटा, यूएपीए... आणि आपला लोकलचा डबा

११ जुलै २००६. त्या संध्याकाळी ऑफिसातून निघायला उशीर झाला, म्हणून नेहमीची विरार लोकल चुकली. पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून ‘कडक कायदा हवा’ असं कुणी म्हटलं की मी जरा थांबतो.

इतिहास बघा. १९८५ मध्ये टाडा आणला राजीव गांधींच्या सरकारने. गैरवापराची ओरड झाली, १९९५ मध्ये मुदत संपू दिली. २००२ मध्ये वाजपेयी सरकारने संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलावून पोटा मंजूर करून घेतला, काँग्रेसने विरोध केला. २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारने पोटा रद्द केला, पण त्याची बरीच कलमं यूएपीएमध्ये घातली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा मानायची तरतूद तेवढी गाळली. २६/११ नंतर त्याच सरकारने आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडीची सोय केली, एनआयए उभी केली. २०१९ मध्ये मोदी सरकारने एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार घेतला. म्हणजे विरोधात असताना ‘काळा कायदा’, सत्तेत आलं की ‘देशाची गरज’!

आता आपल्याकडचं. १९९९ चा मोक्का युती सरकारचा. लोकल स्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालवला आघाडी सरकारने. या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. २०१५ मध्ये १२ जण दोषी ठरले. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने ते कबुलीजबाब नाकारून सगळ्यांना सोडलं. प्रकरण आता सुप्रीम कोर्टात आहे. १९ वर्षं!

याउलट कसाब. तुकाराम ओंबळेंनी जीव दिला म्हणून तो जिवंत सापडला. फोटो, साक्षीदार, सीसीटीव्ही, सगळं कोर्टापुढे आलं. चार वर्षांत सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, तेही झालं.

कायदा नको असं मी म्हणत नाही. पण कबुलीजबाबावर उभी केलेली केस कोर्टात कोसळली, तर स्फोट कुणी केले हा प्रश्न तसाच राहतो. मतं मागायला येणाऱ्यांना एवढंच विचारा: कायदा किती कडक केलात ते राहू द्या, तपास किती पक्का केलात ते सांगा.